उभ्या गाडीचं पेट्रोल

माझ्या घरमालकांनी मला खोल्या दाखवायच्या आधी गाडी दाखवली. मी सांगलीहून अमरावतीला एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आले होते. दोन्ही हातांत बॅगा, डोक्यावर ऊन, आणि हे गृहस्थ टिनाच्या शेडखाली एका जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून मला म्हणाले, "ऐका."

मी ऐकलं. इंजिन चालू होतं, एवढंच मला कळलं.

"काही खास ऐकू नाही येत न? तेच ऐकायचं असते. तब्येत चांगली असली का इंजिन बोलत नाही."

मग त्यांनी बॉनेट लावलं, रुमालानं पुसलं आणि खोल्यांची किल्ली माझ्या हातात दिली. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते मात्र मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

काका सरकारी दवाखान्यातून लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म लोकांचं रक्त आणि थुंकी तपासण्यात गेलेला, त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीवर नमुना घेतल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्या घरात 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. एकदा माझं पोट बिघडलं. मी म्हटलं, बहुतेक बाहेरचं खाल्लं म्हणून असेल. त्यांनी मला खुर्चीत बसवून दोन दिवसांत तोंडात काय काय गेलं त्याची यादी करायला लावली आणि माझ्या देखत एकेक पदार्थावर काट मारली. शेवटी राहिलं पाणी. काका वर माझ्या खोलीत गेले, फिल्टरची कँडल काढली आणि तिच्यावरचा हिरवा थर मला बोटानं दाखवला. "आता म्हना, बहुतेक," असं म्हणून खाली गेले.

माणूस एकटा होता. बायको वारलेली, मुलगी नागपूरला. बोलायला मी आणि गाडी, आणि दोघींत गाडीला जास्त वेळ मिळायचा. पण ही हौस नव्हती, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं.

दर शनिवारी काका गाडी घेऊन अकोल्याला जात. तिथे त्यांची मोठी बहीण होती, अक्का. आई लहानपणीच गेल्यावर अक्कानंच त्यांना वाढवलं. ती जिनिंग फॅक्टरीत कापूस निवडायला जायची आणि त्याच मजुरीवर तिनं भावाला लॅबचा कोर्स करायला लावला. आता तिचे गुडघे पार गेले होते. गेली सहा वर्षं खाट आणि खुर्ची, एवढंच तिचं जग होतं. सून चांगली होती, नातवंडं जीव लावणारी होती, पण तिला घराबाहेर न्यायचं तर उचलूनच न्यावं लागे. एसटीनं ते जमणार नव्हतं आणि ऑटोत तिला बसवत नव्हतं. म्हणून शनिवारी काका शंभर किलोमीटर जायचे, तिला गाडीत बसवायचे आणि ती म्हणेल तिथे दोन-तीन तास फिरवायचे. पौर्णिमा असली की विहारात, नाहीतर मंडीत, नातीच्या शाळेसमोर. एकदा तर तिनं नुसतीच एसटी स्टँडसमोर गाडी उभी करायला लावली. "तिले झाडं-बगिचे नाही पाह्यचे," काका सांगायचे. "तिले मानसं पाह्यची असतात. चालनारी."

काकांच्या हृदयात एक स्टेंट होता. म्हणून गाडीची दुसरी किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

"मले काही झालं तर गल्लीतून चालवनारा बोलवा. किल्ली शोधत बसू नका."

"पण मला गाडी चालवता येत नाही, काका."

"माहीत आहे. म्हनूनच तुमाले देऊन राहिलो. चालवता येनाऱ्याले दिली असती तर थो घेऊन फिरला असता."

आता माझी बाजू सांगते. माझ्या वडिलांची एक जीप होती. त्यांच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी ती आठ-दहा दिवस जागेवरच उभी होती आणि सुरू झाली नाही. शेजाऱ्यानं रिक्षा आणेपर्यंत जो वेळ गेला तो गेलाच. तेव्हापासून उभी गाडी रोज थोडा वेळ चालू करून ठेवावी, ही एकच गोष्ट मी देवासारखी मानत आले. म्हणून काका सकाळी तलावाकडे फिरायला गेले की मी गुपचूप शेडमध्ये जायचे, डॅशबोर्डखालचा चोक पूर्ण बाहेर ओढायचे, किल्ली फिरवायचे आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडीत बसून राहायचे. वडील थंडीत असंच करायचे. चोक इंजिन सुरू होण्यापुरता असतो आणि लगेच आत ढकलायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तो गाडी बंद करताना ढकलायचे. काकांना सांगितलं नाही, कारण त्यांच्या गाडीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. शिवाय न सांगता केलेल्या चांगल्या कामाचं एक सुख असतं, ते मी रोज सकाळी घेत होते.

दोन-तीन महिन्यांनी गाडीचं बिनसलं. चौकात उभी राहिली की थरथरायची, आचके द्यायची, कधी बंदच पडायची. एरवी सोळाचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी, एखाद्या आठवड्यात तेरावर यायची. आणि एका शनिवारी अकोल्यात रेल्वे फाटकाशी ती बंद पडली. फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला, आणि अक्का डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसली. लोकांनी गाडी ढकलून कडेला लावली. तिला काही झालं असतं तर उतरून पळताही आलं नसतं.

त्याच संध्याकाळी नागपूरहून मुलीचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला होता, त्यांचं सगळंच उघड असायचं.

"बाबा, गाडी काढून टाका. निदान आत्याला तरी तिच्यात बसवू नका."

"मले एक महिना दे," काका म्हणाले. "कारन सापडलं तर गाडी राहीन. नाही सापडलं तर मीच काढून टाकीन."

फोन ठेवल्यावर त्यांनी एक कोरी वही माझ्यासमोर ठेवली. त्यांचं अक्षर डॉक्टरांच्या सहवासात गेलं होतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी गॅरेजवाला आला. भला माणूस होता, पण घाईचा. "काका, कार्बोरेटर नवा टाकू, प्लग, पॉइंट, वायरा, सगळंच बदलून टाकू. झंझटच नाही."

"तुहं डोकं दुखलं तर डोकं बदलशीन का?" काकांनी शांतपणे विचारलं. "आधी कारन सांग, मंग पाना उचल."

गॅरेजवाला चहा पिऊन गेला. काका कामाला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तिचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. एअर फिल्टर झाला. दवाखान्याच्या दिवसांतली एक रबरी नळी होती, तिचं एक टोक कानात आणि दुसरं इंजिनाच्या एकेका पाइपाजवळ धरून कुठे हवा शिरते का ते तासभर ऐकलं. टाकीखाली पांढरा कागद पसरून ठेवला, थेंब पडला नाही. पेट्रोलच्या झाकणाला कुलूप लावलं, फरक नाही. इंजिनावर काचेच्या नळीत पाणी उभं करून ठेवायचे आणि ते किती डुचमळतं ते मला लिहायला लावायचे. काढलेल्या जुन्या फिल्टरला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि नंबर घातला आणि तो औषधांच्या खोक्यात ठेवून दिला.

"एक गोष्ट पक्की," एका संध्याकाळी ते म्हणाले. "अकोल्याहून येताना गाडी बरी असते. घरी उभी राहिली का बिघडते. फिरली का बरी, उभी का बिमार. मानसाचंही असंच असते. पन मानूस उभ्या-उभ्या पेट्रोल पेत नाही."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी तर गाडीची काळजी घेत होते.

मग दिवाळी आली. मी दहा दिवस सांगलीला गेले आणि त्याच आठवड्यात काकांनी नवे प्लग टाकले. अ‍ॅव्हरेज पुन्हा सोळावर आलं. त्यांनी फोन केला, "सापडला मॅडम, प्लग होता." आवाज इतका खुशीचा होता की मीही आईला पेढे आणायला लावले. मी परत आले, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा आचके देऊ लागली. काकांच्या मते त्यांनी एकच गोष्ट बदलली होती. प्रत्यक्षात दोन बदलल्या होत्या आणि दुसरी सांगलीला बसून चकल्या खात होती.

त्यांनी नवे प्लग काढून पांढऱ्या कागदावर मांडले. चारही काळेकुट्ट. मग कार्बोरेटरवरचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. चोकची पातळ पट्टी अर्धवट अडकून राहिली होती, तिची तार रोज ओढून-ओढून झिजलेली होती.

"ही काजळी जास्त पेट्रोल अन् कमी हवेची आहे. चोक ओढून गाडी रोज उभ्या-उभ्या चालली तरच अशी बसते. अन् मी तं चोक ओढतच नाही, अमरावतीत कायची आली थंडी." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मी सकाळी फिरायले जातो तवा गाडीपाशी कोनी येते का?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. 

"नाही," मी म्हणाले. "कोणी येत नाही."

का म्हणाले? खोल्या जातील म्हणून नव्हे. ज्या माणसानं महिनाभर माझ्यासमोर प्रामाणिकपणानं एकेक शक्यता खोडली, त्याच्यासमोर ती शेवटची शक्यता म्हणून उभं राहायची मला लाज वाटली. मी ठरवलं, उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. गाडी आपोआप सुधारेल, काका खूश, विषय संपला.

गाडी सुधारली, आणि तिथेच घात झाला. काकांनी तार बदलली होती आणि चोकच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही आणि तारीख घातली होती, दवाखान्यात नमुन्यांच्या डब्यांना सील लावायचे तशी. आठवडाभर सील जसंच्या तसं राहिलं, प्लग स्वच्छ निघाले. त्यांनी मला बोलावून समोर बसवलं.

"गाडीत दोष नव्हता. बाहेरचं कोनी येत नाही, तुमी पाह्यलं. तुमाले चालवता येत नाही. मंग राहिलो कोन? मी. मीच सकाळी उठून गाडी सुरू करत असीन, चोक ओढत असीन, अन् विसरत असीन. सील लावलं तवा हात थांबला. गेल्या महिन्यात गॅसही चालूच राह्यला होता."

मग त्यांनी स्वतःची आठवण तपासायला घेतली. त्यांनी मला पाच शब्द सांगून ठेवायला लावले आणि तासाभरानं परत विचारायला लावले. घड्याळ, विहीर, कापूस, पायरी, संत्रं. चार आठवले. पाचवा आठवायला त्यांनी डोळे मिटले, कपाळावर बोट ठेवलं, आणि मग मला म्हणाले, "लिहा, चार."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं नीच काम दुसरं केलेलं नाही.

"आपन काय करून राहिलो हेच ज्याले माहीत नाही, त्यानं पाय गेलेल्या बाईले गाडीत बसवू नये," ते म्हणाले. परतवाड्याच्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी सोमवारी गाडी न्यायला या म्हणून सांगितलं. शनिवारी ते नेहमीसारखे अकोल्याला गेले आणि संध्याकाळी फाटक उघडत मला म्हणाले, "सांगून आलो तिले." बस, एवढंच.

रविवारी सकाळी ते फिरून आले तेव्हा मी शेडपाशी उभी होते. किल्ली पुढे केली आणि सगळं एका दमात सांगितलं. वडिलांची जीप, चोक, वीस मिनिटं, आणि ते 'नाही'. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी किल्ली घेतलीच नाही.

"कबुलीवर रिपोर्ट निघत नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुमी माही दया येऊन बोलत असान तर? उद्यापासून शुक्रवारपर्यंत जे करत होत्या तेच करा. तसंच, तेवढंच."

आणि खरोखर, काकांनी सील फाडलं, सोमवार ते शुक्रवार मी सकाळी गाडीत बसून चोक ओढला आणि काका फिरायला न जाता शेजारी हातात घड्याळ धरून उभे राहिले. मी भीतीनं एकदा चोक थोडा कमी ओढला, तर म्हणाले, "असाच ओढत होत्या का? मंग पूर्ण ओढा." परतवाड्याच्या माणसाला निरोप गेला, रिपोर्ट येईपर्यंत थांबा.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी प्लग काढले. काळे. इंजिनावर पाण्याची नळी ठेवली, पाणी काठापर्यंत डुचमळलं. त्यांनी वही माझ्याकडून घेतली आणि त्या दिवशी स्वतः लिहिलं. मग ते पायरीवर बसले. चष्मा काढला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"संत्रं," ते म्हणाले. "पाचवा शब्द संत्रं होता. दुसऱ्या दिवशीच आठवला होता, पन तुमाले सांगून काय फायदा, म्हनून चूप राह्यलो." चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "म्हनजे मी चांगला आहो."

मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. प्लग घासून बसवताना त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली, आणि सकाळी सहाला तयार राहा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. गाडी बोलत नव्हती. अकोल्याला पोचलो तेव्हा अक्का खिडकीशी खाटेवर बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, नजर मात्र सुईसारखी. काका म्हणाले, "चाल, फिरून येऊ. गाडी राह्यली आपली."

"मी नाही येत," अक्का म्हणाली.

"काहून?"

"गेल्या शनवारी तू सांगतलं का आता गाडी नाही. रातभर डोयाले डोया नाही लागला माह्या. दुसऱ्या दिवशी सुनेले म्हटलं, हे भायेरचं पातळ ठेवून दे, आता कोठी जाचं आहे मले. आठ दिस मनाले समजावलं, तवा कोठी थे गप बसलं. आता पुन्हा त्याले उठवू नको."

 मग मीच पुढे झाले आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. हे पहिल्यापेक्षा अवघड होतं. काकांकडे निदान वही होती.

"त्यानं इचारलं तवा तू खोटं बोलली?"

"हो."

"काहून?"

"लाज वाटली."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडी सुरू करता येते तुले. चालवता काहून नाही येत?"

"शिकले नाही."

"मंग शिक. हा आज नाही विसरला, उद्या विसरन. बुढा झाला हा. तवा मी पुन्हा मनाले समजावत बसू का?" आणि उत्तराची वाट न पाहता आत हाक मारली, "थे पातळ काढ वो."

पातळ नेसून झालं. आम्ही दोघांनी तिला उचललं. ती नेहमी पुढे बसायची, तिथून दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो म्हणून. काकांनी पुढचं दार उघडलं, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

"मले मांगं बसवा. हिले पुढं बसू दे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भायेर पाहू नको. त्याचे पाय पाह्य. काय दाबते, कवा सोडते, थे पाह्य."

तिला आम्ही मागे बसवलं, पाठीला उशी दिली. मागच्या छोट्या काचेतून तिला काय दिसलं असेल ते असो. मंडीतून, शाळेसमोरून, स्टँडवरून आम्ही तीन तास फिरलो, आणि त्या दिवशी अकोला कसं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी काकांचे पाय पाहत होते.